बांचा पिऊनही झोप उडते? या चुका टाळा

बांचा हा जपानी घरातला रोजचा ग्रीन टी. वसंतातली कोवळी पालवी सेंचा या त्याहून वरच्या प्रतीच्या ग्रीन टीसाठी खुडून झाली, की मागाहून वाढलेल्या जून, भरड पानांचा हा चहा करतात. कॅफीन कोवळ्या पालवीत जास्त, जून पानांत कमी. म्हणून तो जेवणाबरोबर आणि रात्रीही चालतो. तरी ‘बांचा प्यायलो आणि बारापर्यंत टक्क जागा’ ही तक्रार असतेच.

पहिला संशय पातेल्यावर घ्या. आपल्या चहासारखा तो खळखळ उकळू नका. जपानच्या सरकारी अन्नघटक तक्त्यात १०० मिली बांचात १० मिलिग्रॅम कॅफीन दिलंय. सेंचात २०, कॉफीत ६०. पण हे १० आले कुठून? १५ ग्रॅम पानं, ९० अंशांचं ६५० मिली पाणी आणि फक्त अर्धं मिनिट. तुम्ही पाच मिनिटं उकळलंत, किंवा पानं किटलीतच भिजत ठेवून तासाभराने दुसरा कप ओतलात, तर त्या आकड्याचा तुमच्या कपाशी संबंध उरत नाही. गरम पाण्यात कॅफीन झपाट्याने उतरतं, पाठोपाठ तुरटपणा. म्हणून अर्ध्या मिनिटात शेवटच्या थेंबापर्यंत गाळून घ्या. (क्योटोचा क्योबांचा मात्र उकळूनच करतात. त्याची पानं मोठी, न वळलेली, खरपूस भाजलेली असतात. त्याचा नियम इथे लावू नका.)

रंगावरूनही फसू नका. होजिचा हा भाजलेल्या पानांचा तपकिरी चहा ‘भाजलेला, म्हणजे कॅफीन उडालेलं’ असं समजून रात्री पितात. त्याच तक्त्यात होजिचाला २० मिलिग्रॅम आहेत, सेंचाइतकेच. शेवटी कुठली पानं भाजली त्यावर सगळं आहे. गेनमाइचात भाजलेला तांदूळ मिसळलेला असल्याने तो १० वर येतो. रात्रीसाठी माझं मत त्यालाच.

ग्योकुरो या सावलीत वाढवलेल्या उंची चहाचे १६० वाचून तमाम ग्रीन टीला घाबरू नका. तिथे ६० मिली पाण्यात १० ग्रॅम पानं असतात, आणि तो घोटभरच प्यायचा असतो.

इतकं करूनही झोप येत नसेल, तर दिवसभराचा हिशेब मांडा. बांचाच्या १५० मिलीच्या कपात साधारण १५ मिलिग्रॅम, तेवढ्याच कॉफीत ९०. शरीरातलं कॅफीन निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात. तेव्हा बांचावर आळ घेण्याआधी संध्याकाळी पाचला काय प्यायलात ते आठवा.