ढील पायांनी द्यायची

मी मूळची येवल्याची. आमच्याकडे भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस अख्खं गाव गच्चीवर असतं. आसारी, म्हणजे दोरा गुंडाळायची फिरकी, धरायला मी पाचव्या वर्षी शिकले, पतंगाला मंगळसूत्र, म्हणजे मुख्य दोरा जिथे जोडतात ती दोऱ्यांची बांधणी, बांधायला दहाव्या. पुढे नोकरीसाठी सिअ‍ॅटलला गेले आणि तिथून तीन-साडेतीन तासांवरच्या लाँग बीचवर पहिल्यांदा दोन दोऱ्यांचा पतंग हातात घेतला. पहिल्या दहा मिनिटांत तो चार वेळा नाकावर आपटला आणि चौथ्या वेळी आडवी काडी मोडली. मोडल्याचा 'टक्' आवाज तीस मीटरवरून ऐकू आला.

हात चुकत होते कारण ते येवल्याचे होते. आपला पतंग एका दोऱ्याचा. खेचला की नाक असेल त्या दिशेला सरळ पळतो, ढील दिली की गिरक्या घेतो, आणि हवं तिकडे नाक आलं की पुन्हा खेचायचं. पतंग गोत्यात आला की हात आपोआप खेचतो. दोन दोऱ्यांच्या पतंगाचं नाक जमिनीकडे असताना दोन्ही हात खेचलेत, तर तो दुप्पट जोराने जमिनीत घुसतो. इथे आसारी नाही, दोऱ्याची लांबी ठरलेली. जोर कमी करायला एकच वाट आहे, पतंगाच्या दिशेने चालत जायचं, वेळ पडली तर पळायचं. ढील द्यायची ती पायांनी. एवढं अंगात मुरलं की बाकीचं महिन्याभरात येतं. म्हणून शिकवताना मी सुरुवात पायांपासून करते.

या पतंगाला स्पोर्ट काइट म्हणतात, स्टंट काइटही म्हणतात. बाणाच्या टोकासारखा त्रिकोणी आकार, पंखांचा पसारा दीड ते अडीच मीटर, रिपस्टॉप म्हणजे सहज न फाटणारं हलकं कापड, आत कार्बन किंवा फायबरग्लासच्या काड्या. दोन दोरे, दोन हात. वळतो, थांबतो, जमिनीपासून वीतभर उंचीवरून आडवा जातो. दुसऱ्या महायुद्धात पॉल गार्बर यांनी अमेरिकी नौदलासाठी दोन दोऱ्यांनी वळवता येणारा पतंग केला होता. तोफचींना नेमबाजीच्या सरावासाठी हलतं लक्ष्य हवं होतं. खेळणं म्हणून हा प्रकार घरोघरी पोचवला तो इंग्लंडच्या पीटर पॉवेल यांनी. त्यांचा पतंग 1972चा, आणि 1976 साली तो ब्रिटनमध्ये वर्षातलं सर्वोत्तम खेळणं ठरला. आता याच्या स्पर्धा होतात, ठरलेल्या आकृत्या काढण्याच्या आणि संगीतावर नाचवण्याच्याही. चार दोऱ्यांचेही पतंग असतात, ते उलटे उडतात, जागच्या जागी थांबतात. त्यांच्याकडे पहिल्या वर्षी बघू नका.

खरेदी करताना 'दोरे आणि (मनगटात घालायच्या) पट्ट्यांसकट' असलेला संच घ्या. पंख दीड ते दोन मीटर. त्याहून लहान पतंग दिसायला सोपा वाटतो, पण वळतो इतका झटकन की नवख्या हाताला पकडताच येत नाही. मोठा सावकाश वळतो, विचार करायला वेळ देतो. दोरे डायनीमाचे, म्हणजे एका मजबूत कृत्रिम धाग्याचे, 25 मीटरच्या आसपास. लहान पतंगाला 40 किलो ताण झेलणारे चालतात, मोठ्याला 70 किलोवाले. साधा नायलॉनचा दोरा रबरासारखा ताणला जातो, हाताचा इशारा पतंगापर्यंत पोचेस्तोवर उशीर होतो. डायनीमा ताणला जात नाही आणि इतका गुळगुळीत असतो की दोन दोऱ्यांना पाच-सहा पीळ पडले तरी पतंग नीट ऐकतो. पण त्याला मध्ये गाठ मारायची नाही, गाठीपाशी तो कमकुवत होतो. आणि दुसरा दोरा एकाच जागी घासत राहिला तर हा तिथे तापून वितळतो. म्हणून संक्रांतीच्या दिवसांत, जिथे इतर पतंग उडताहेत तिथे, हा पतंग बाहेर काढूच नका. हा पेच लावायचा खेळच नाही. नायलॉन मांज्यावर राष्ट्रीय हरित लवादाने 2017 साली बंदी घातली ती माणसांचे गळे आणि पक्ष्यांचे पंख कापले गेले म्हणून. आपल्या दोऱ्याला काच नसली तरी ताणलेला डायनीमा कातडी चिरतो. उडत्या पतंगाचा दोरा मुठीत धरायचा नाही आणि दोऱ्यांखालून कुणाला जाऊ द्यायचं नाही.

आता जागा आणि वारा. माझ्या मते निम्मी कला इथेच आहे.

गावातलं मैदान मोकळं दिसतं, पण वाऱ्याच्या बाजूला इमारत असेल तर तिच्या उंचीच्या सात-आठ पट अंतरापर्यंत वारा फुटलेला असतो. चार मजली इमारतीमागे शंभर मीटरवरही पतंग कारण नसताना कोसळतो आणि शिकणारा स्वतःला दोष देतो. पाचगणीच्या टेबललँडवर वारा छान असतो, पण खाली जांभा दगड आणि पुढे कडा. शिकताना पतंग आपटणारच, तर तो वाळूवर आपटू दे.

मी परत आल्यापासून पुण्याहून अलिबागजवळच्या अक्षीला जाते. सपाट, घट्ट वाळू. डिसेंबर ते मे सकाळी मतलई वारा असतो, जमिनीवरून येणारा, झाडांत अडखळलेला, भरवशाचा नाही. अकरा-बारानंतर खारा वारा सुरू होतो आणि दोन ते पाच या वेळात तो एकसारखा लागतो, बहुतेक वायव्येकडून. समुद्रावरून येतो म्हणून वाटेत काहीच नाही, रेशमासारखा वारा. पण तो पतंगाला किनाऱ्याकडे नेतो, म्हणजे माणसं, घोडागाड्या आणि सुरूच्या झाडांकडे. त्यासाठी पुळण, म्हणजे किनाऱ्यावरची वाळू, रुंद हवी, म्हणजे ओहोटी हवी. कोकणात भरतीची वेळ काढायचा हिशेब आहे, तिथीची पाऊणपट करायची. द्वादशीला बारा गुणिले पाऊण, म्हणजे नऊला भरती आणि त्यानंतर सहा तासांनी, तीनच्या सुमारास, पूर्ण ओहोटी. खारा वारा ऐन भरात असताना पुळण सगळ्यात रुंद मिळते ती एकादशी ते त्रयोदशीला, शुक्ल पक्षातही आणि वद्य पक्षातही. मी कॅलेंडरवर आधी या तिथी बघते, त्यात शनिवार-रविवार आला की पिशवी भरते. भिजल्या वाळूच्या कडेला पाणी पाठीशी घेऊन उभं राहायचं, समोर साठ-सत्तर मीटर कुणी नको. हिवाळ्यात तिथे कुरव पक्ष्यांचे थवे वाळूवर बसलेले असतात, त्यांच्यापासून लांब जायचं.

वारा ताशी 12 ते 20 किलोमीटर असताना शिका. अंदाज घ्यायला मोबाइलवरचं हवामानाचं अ‍ॅप चालेल, पण पोचल्यावर नजरेने खात्री करा. सुरूच्या फांद्यांची टोकं सतत हलत असावीत, खोडं मात्र स्थिर. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की ओढ चौपट होते, म्हणून तीसच्या वर पतंग पिशवीतच ठेवा. पावसाळ्यातला किनारा नवख्यासाठी नाही. विजेच्या तारा, विमानतळाचा परिसर आणि दूरवर गडगडाट यांपैकी काहीही असेल तर उडवायचं नाही. कार्बनची काडी वीज वाहून नेते.

मांडणी अशी. वाळूत एक लांब स्क्रू-ड्रायव्हर रोवायचा, त्याच्या मुठीला लाल फडकं बांधायचं, नाहीतर कुणाच्या तरी पायात जाईल. दोन्ही पट्टे त्यात अडकवा आणि वारा पाठीवर घेऊन दोरे उलगडत पुढे जा. पतंगाला जोडण्याआधी दोन्ही टोकं एकत्र ताणून बघा. दोन-तीन सेंटिमीटरचाही फरक असेल तर पतंग कायम एका बाजूला ओढेल, लांब दोऱ्याचं टोक आखडून घ्या. मग फास लावून जोडा. पतंग दोन पंखटोकांवर उभा करा आणि मागे कलता ठेवा, तुमच्यापासून दूर. वारा त्याला वाळूवर दाबून ठेवतो आणि दोरे ताठ राहतात. चालत परत या, पट्टे मनगटात घाला. उजव्या पट्ट्याला मी लाल रिबन शिवली आहे.

हात कमरेशी, कोपरं अंगाला. एक पाऊल मागे टाकत दोन्ही हात एकदम, सारख्या जोराने खाली ओढा. पतंग उभा राहील आणि सरळ वर जाईल. हात बरोबरीत ठेवा. वर पोचला की थांबेल, ओढ कमी होईल. तिथे त्याला जरा राहू द्या आणि श्वास घ्या.

वारा पाठीवर असताना तुमच्यासमोर देवळाचा अर्धा घुमट उभा आहे असं समजा. पतंग त्या घुमटाच्या आतल्या पृष्ठभागावरच फिरू शकतो. बरोबर समोर, खालच्या भागात ओढ सगळ्यात जास्त. माथ्याकडे आणि दोन्ही कडांकडे ती विरत जाते. कडेला फार बाहेर नेलात तर दोरे सैल पडतात आणि पतंग पानासारखा घसरतो. पहिल्या दिवशी त्याला माथ्यापासून थोडं उजवीकडे, थोडं डावीकडे एवढंच हलवा. मग आडव्या फेऱ्या, आणि प्रत्येक कडेला वळण वरच्या बाजूने. मग गिरकी.

गिरकीत सगळे एकाच जागी चुकतात. उजवा हात ओढला की पतंग उजवीकडे वळतो, पण नाक खाली असताना तो डावीकडे जाताना दिसतो. डोळा घाबरतो, हात बदलतो आणि पतंग सरळ जमिनीत. उजवा हात म्हणजे घड्याळाच्या काट्यांची दिशा, डावा म्हणजे उलटी, एवढंच लक्षात ठेवा. सुरू केलेला हात गिरकी पूर्ण होईपर्यंत सोडू नका. उजवीकडे एक गिरकी घेतली की दोऱ्यांना एक पीळ पडतो, डावीकडे घेतली की सुटतो.

गेल्या फेब्रुवारीत माझा भाचा अक्षीला आला होता, बारा वर्षांचा, तोही येवल्याचा. त्याचे हात सारखे डोक्यावर जायचे, पतंग खाली येऊ लागला की आणखी वर. सांगून उपयोग होईना. शेवटी दोन नॅपकिनांच्या घड्या केल्या आणि त्याच्या दोन्ही काखांत एकेक दिली. "हे पडू द्यायचे नाहीत, बाकी काही बघू नकोस." दोनदा पडले. तिसऱ्यांदा पतंग माथ्यावरून घसरून सरळ खाली निघाला. मी ओरडले, "पळ पुढे!" काखा घट्ट आवळून तो आठ-दहा पावलं पळाला. दोऱ्यांतला जोर गेला, पतंग वाटेतच मंदावला आणि वाळूवर पोट टेकून आडवा झाला. काडी न काडी शाबूत. तो मागे वळून म्हणाला, "मावशी, मी पळालो तर तो थांबला!" त्यानंतर नॅपकिन लागले नाहीत.

उतरवायचंही असंच. पतंग कमी उंचीवरून कडेकडे न्यायचा, ओढ विरत आली की नाक वर वळवून दोन पावलं पुढे, तो पंखटोकांवर टेकतो. नाकावर पडला असेल तर खेचून उठवायचा प्रयत्न करू नका, काड्या त्यातच मोडतात. चालत जा आणि पुन्हा उभा करा. हे चालणं पहिल्या दिवशी वीस-पंचवीस वेळा होतं. वारा मंद असून पतंग वर जायला कुरकुर करत असेल तर मंगळसूत्राची जोडणी दोन्ही बाजूंनी सारखी, दोन-तीन मिलीमीटर नाकाकडे सरकवा. आधीच्या जागेवर पेनाने खूण करा, म्हणजे परतता येतं. पिशवीत एक जादा काडी, रिपस्टॉपची चिकटपट्टी आणि टोकाच्या रबरी टोप्या असू द्या. टोप्या वाळूत पडल्या की सापडत नाहीत.

दोरे गुंडाळताना आसारीवर गुंडाळल्यासारखे गोल गोल घेऊ नका, प्रत्येक फेऱ्याला एक पीळ पडतो. दोरे गुंडाळायच्या पट्टीच्या दोन टोकांवर इंग्रजी आठच्या आकारात, दोन्ही दोरे एकत्र घ्यायचे. पतंग उन्हात पसरून जेवायला जायचं नाही, ऊन कापड खातं. परतताना खोलीवर बादलीभर गोड्या पाण्यात दोरे बुचकळायचे, कापडावरून ओला हात फिरवून मीठ काढायचं आणि सावलीत वाळवायचं. काड्यांच्या सांध्यांत बोट घालून बघा, वाळूचे दोन-चार कण तिथे हमखास बसलेले असतात. तेही काढून टाका.