हलगीवाल्याला पटेल असा गेम: ओसू लेझर स्वतः बिल्ड कसा करावा

मागच्या पोळ्याला परभणीजवळच्या आमच्या गावी, हलगी वाजवणाऱ्या चुलतभावाला मी लॅपटॉपसमोर बसवलं. पडद्यावर उजवीकडून लाल-निळे गोल येतात, ते ठरल्या जागी पोचले की बटण दाबायचं, एवढाच खेळ. ज्या पोराचा हात मिरवणुकीत तासभर तालातून हलत नाही, त्याला गेम सारखा 'मिस' देत होता. तो म्हणाला, "दादा, मी नाही चुकलो, तुझं मशीनच मागं राहायलंय." शोधलं तर खरं तेच निघालं, आणि दोन्ही चुका माझ्या होत्या. त्या पुढे येतीलच.

गेम म्हणजे 'ओसू!'. ऑस्ट्रेलियाच्या डीन हर्बर्टनं तो 2007 मध्ये आणला. त्याची नवी आवृत्ती 'लेझर' या नावानं ओळखली जाते आणि तिचा सगळा कोड एमआयटी परवान्याखाली खुला आहे. चित्रं-आवाजांचा परवाना मात्र वेगळा, बिगर-व्यावसायिक वापराचा आहे, आणि ओसूचं नाव लावून स्वतःची वस्तू खपवायला परवानगी नाही. नुसतं खेळायचं असेल तर तयार गेम उतरवून घ्या, कारण घरी बिल्ड केलेल्या, म्हणजे मूळ कोडपासून स्वतः बांधलेल्या, गेममधले गुण अधिकृत क्रमवारीत धरले जात नाहीत. बिल्ड करायचा तो आतलं यंत्र उघडून बघायला, त्यात हात घालायला.

आज्ञा इथे देवनागरीत दिल्या आहेत, टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा लिहायच्या काळ्या खिडकीत, त्या इंग्रजी अक्षरांत टाइप करा.

आधी एसडीके

गेम सी शार्प भाषेत लिहिलेला आहे, म्हणून डॉटनेटची एसडीके, म्हणजे कोडपासून प्रोग्रॅम बांधायची अवजारं, लागते, आवृत्ती 8. नुसतं 'रनटाइम' (तयार प्रोग्रॅम चालवणारा भाग) घेऊ नका, त्यानं गेम चालेल पण बिल्ड होणार नाही. विंडोजवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून घ्या. उबंटूवर 'सुडो एपीटी इन्स्टॉल डॉटनेट-एसडीके-8.0' एवढं पुरतं. मग 'डॉटनेट --व्हर्जन' विचारा. आकडा 8 नं सुरू झाला की पुढे चला. सोबत गिट हवं, कोड उतरवायचं आणि त्यातले बदल सांभाळायचं साधन. डिस्कवर पाच-सहा जीबी मोकळी ठेवा.

कोड उतरवणं, लाईट असेपर्यंत

आपल्याकडे खरी अडचण इथेच येते. गिटचं क्लोन, म्हणजे कोडची प्रत उतरवणं, अर्ध्यात तुटलं तर तिथून पुढे चालू होत नाही, पहिल्यापासून सगळं. माझं दोनदा तुटलं: एकदा लाईट गेली म्हणून, एकदा मोबाईलचा दिवसाचा डेटा संपला म्हणून. उपाय साधा आहे. प्रकल्पाचा वर्षानुवर्षांचा इतिहास आपल्याला नको, आजची प्रत पुरे. म्हणून 'गिट क्लोन --डेप्थ 1' लिहून पुढे पत्ता द्या. पत्ता गिटहबवर पीपीवाय या खात्यातल्या 'ओसू' भांडारात, हिरव्या 'कोड' बटणाखाली मिळतो.

पहिलं बिल्ड

'सीडी ओसू' करून फोल्डरमध्ये शिरा आणि ही आज्ञा द्या: 'डॉटनेट रन --प्रोजेक्ट ओसू.डेस्कटॉप -सी रिलीज'. 'डेस्कटॉप'चा डी आणि 'रिलीज'चा आर कॅपिटल. विंडोज सोडून देईल, लिनक्स नाही सोडणार.

पहिल्या वेळी न्यूगेट नावाच्या व्यवस्थेतून बरीच पॅकेजेस उतरतात. ती डिस्कवर साठून राहतात, त्यामुळे इथे नेट तुटलं तरी पुन्हा तीच आज्ञा दिली की उतरलेली पॅकेजेस परत मागवावी लागत नाहीत. चार जीबी रॅमवाल्यांनी ब्राउझर बंद करून ठेवावा आणि चहा टाकावा.

आता माझी पहिली चूक. मी '-सी रिलीज' लिहिलंच नव्हतं. ते नसलं की गेम डीबग प्रकारात बांधला जातो, चुका शोधायला सोयीचा पण बराच जड. फ्रेम अडखळत येतात. हलगी शेकल्याशिवाय वाजवल्यासारखं आहे ते, आवाज निघतो पण कडक नाही.

आणखी एक: डीबगचा गेम आपली गाणी वेगळ्या, 'ओसू-डेव्हलपमेंट' नावाच्या फोल्डरात ठेवतो. तिथे टाकलेली गाणी रिलीजमध्ये दिसत नाहीत म्हणून घाबरू नका. उलट, अधिकृत गेम आधीपासून असेल तर तुमचा रिलीज बिल्ड त्याच्याच फोल्डरात हात घालतो. आधी एक प्रत काढून ठेवा.

कानाचा हिशोब

दुसरी चूक ब्लूटूथ स्पीकरची. ताइको या ढोलाच्या प्रकारात मध्यम अवघडपणाला, म्हणजे ओडी 5 ला (ठोका किती नेमका हवा ते ठरवणारा आकडा), 'ग्रेट' मिळायला ठोका 35 मिलिसेकंद अलीकडे किंवा पलीकडे चालतो. साधा ब्लूटूथ सहज शंभर-दीडशे मिलिसेकंद उशीर करतो. कानानं वाजवणारा जितका पक्का, तितका तो नेमका चुकणार.

सेटिंग्जमध्ये ऑडिओखाली 'ऑफसेट' आहे. चार गाणी खेळलात की गेम स्वतःच आकडा सुचवतो. पण त्यानं फक्त गाणं आणि चित्र जुळतात. तुम्ही बटण दाबल्यावरचा ठोक्याचा आवाज उशिराच येतो, त्याला औषध नाही. वायरचा हेडफोन लावा.

थोडी मोडतोड

'ओसू.गेम' मधल्या 'लोकलायझेशन' फोल्डरात 'बटनसिस्टिमस्ट्रिंग्ज' ही फाइल आहे. तिच्यात मुख्य मेनूचे शब्द आहेत. 'प्ले' एकाच ओळीत अवतरणचिन्हांत दोनदा दिसेल. पहिला शब्द ही किल्ली, तिला हात लावायचा नाही. दुसऱ्याच्या जागी रोमन अक्षरांत 'खेळ' लिहा, जतन करा, तीच आज्ञा पुन्हा द्या. गेमची भाषा इंग्रजी असेल तर मेनूत तुमचा शब्द दिसतो. पुढे 'गिट पुल' करून नवा कोड घेताना हा बदल आडवा आला तर आधी 'गिट स्टॅश' करा, म्हणजे तो बाजूला ठेवला जातो.

हलगी आत घालणं

गेममधल्याच एडिटरमध्ये नवा नकाशा (गाण्यावर गोल मांडायचा आराखडा) उघडून फोनवर रेकॉर्ड केलेली एमपीथ्री ओढून टाका. ताइकोत लाल गोल म्हणजे ढोलाचा मध्य, एफ आणि जे. निळा म्हणजे कड, डी आणि के. हलगीवाल्याला हे समजवावं लागत नाही.

अडतं ते टायमिंगवर. 60,000 ला बीपीएमनं, म्हणजे मिनिटातल्या ठोक्यांनी, भागलं की दोन ठोक्यांमधले मिलिसेकंद मिळतात, 120 ला 500. स्टुडिओतल्या गाण्याला एक आकडा पुरतो. पण मिरवणुकीतली हलगी देवळाजवळ आली की चढते, आणि पाचव्या मिनिटाला गोल आणि ठोका यांची फारकत होते. मग जिथे लय चढली तिथे नवा टायमिंग बिंदू, म्हणजे तिथून पुढचा नवा बीपीएम, द्यायचा. चुलतभावाच्या सहा मिनिटांच्या रेकॉर्डिंगला मला असे सतरा द्यावे लागले. ते शोधून द्यायला तोच शेजारी बसला होता, डोळे मिटून.