पोर्टफोलिओ सांभाळायला बसाल तेव्हा आधी सामायिक सिस्टिम्स बघा

प्रोजेक्ट मॅनेजर म्हणून काही वर्षं काढून पोर्टफोलिओच्या टीममध्ये येणारे बहुतेक जण एक समजूत घेऊन येतात. आधी एक प्रोजेक्ट बघत होतो, आता वीस बघायचे. वीस स्टेटस रिपोर्ट, प्रकृती दाखवणारे वीस लाल-पिवळे-हिरवे रंग आणि महिन्याला स्टिअरिंग कमिटीची, म्हणजे निर्णय घेणाऱ्या वरिष्ठांची, एक बैठक. एवढं काम कुणालाही लवकर जमतं. पण वीसच्या वीस प्रोजेक्ट हिरवे दिसत असताना पोर्टफोलिओ मात्र जागचा हलत नाही, हे मी या कामात वारंवार पाहिलं आहे. नवीन माणसाला त्याचं कारण सहसा कुणी नीट समजावून सांगत नाही, म्हणून हे लिहिते आहे.

प्रत्येक प्रोजेक्टचा प्लॅन स्वतःपुरता बरोबर असतो. सेल्सला डिस्काउंटचे नवे नियम हवे असतात, फायनान्सला बिलिंग बदलायचं असतं, वेअरहाऊसला स्कॅनर आणायचे असतात. स्पॉन्सर वेगळे, बजेट वेगळं, व्हेंडर वेगळे. पण तिघेही शेवटी येऊन पोचतात एकाच ईआरपीवर (कंपनीचे सगळे व्यवहार सांभाळणारं मुख्य सॉफ्टवेअर), एकाच कस्टमर मास्टरवर (ग्राहकांची मूळ नोंद), एकाच इंटिग्रेशन लेअरवर (सिस्टिम्सना एकमेकींशी जोडणारा थर). तिथलं टेस्ट एन्व्हायर्नमेंट एकच, रिलीज विंडो, म्हणजे बदल प्रत्यक्ष वापरात आणण्याची ठरलेली वेळ, महिन्यातून एखादी, आणि ती सिस्टिम खोलात जाऊन कळणारी माणसं दोन किंवा तीन. तिन्ही प्लॅनमध्ये त्याच माणसाच्या नावापुढे '50 टक्के' लिहिलेलं असतं. ही बेरीज कुठल्याच प्रोजेक्टच्या शीटवर होत नाही. ती करणं हे आपलं काम.

एक उदाहरण जवळून बघू. एसएपी या ईआरपीमध्ये बदल डेव्हलपमेंटमधून क्वालिटीत (टेस्टिंगची सिस्टिम) आणि मग प्रॉडक्शनमध्ये (रोजच्या वापराची सिस्टिम) ट्रान्सपोर्टनं, म्हणजे बदलांचा गठ्ठा करून, जातात. एखाद्या प्रोग्रॅममध्ये बदल केला, तर ट्रान्सपोर्टमधून फक्त बदललेल्या ओळी जात नाहीत. रिलीज करताना तो प्रोग्रॅम जसा असेल तसा अख्खा जातो. समजा, ऑर्डरची किंमत काढणारा प्रोग्रॅम डिस्काउंटच्या टीमनं जानेवारीत बदलला आणि टेस्टिंगसाठी क्वालिटीत पाठवला. फेब्रुवारीत बिलिंगच्या टीमनं त्याच प्रोग्रॅममध्ये दोन ओळी घातल्या. बिलिंगचं गो-लाइव्ह (प्रत्यक्ष वापर सुरू होणं) मार्चमध्ये, डिस्काउंटचं मे महिन्यात. मार्चमध्ये बिलिंगचा ट्रान्सपोर्ट प्रॉडक्शनला गेला की त्याच्याबरोबर डिस्काउंटचा कोडही जातो, ज्याचं टेस्टिंग अजून चालू आहे. आणि मे महिन्यात डिस्काउंटचा जानेवारीतला ट्रान्सपोर्ट आत घेतला की बिलिंगच्या दोन ओळी पुसल्या जातात, कारण त्या प्रतीत त्या नव्हत्याच. महिनाअखेरीला बिलं चुकायला लागतात. तोवर बिलिंगचा प्रोजेक्ट बंद होऊन टीम पांगलेली असते. दोन्ही प्रोजेक्ट मॅनेजरांनी आपापलं काम चोख केलेलं असतं. दोन्ही प्लॅन शेजारी ठेवून 'एकाच प्रोग्रॅमला दोघांचा हात लागतोय' एवढं म्हणणारं माणूस तिथे हवं होतं.

पोर्टफोलिओची कल्पना गुंतवणुकीच्या क्षेत्रातून आली. हॅरी मार्कोविट्झ यांनी 1952 मध्ये दाखवलं की, एकेका शेअरची जोखीम सुटी न बघता सगळ्यांची मिळून बघायला हवी. 1981 मध्ये वॉरन मॅकफार्लन यांनी 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'मध्ये तोच विचार माहिती-तंत्रज्ञानाच्या प्रोजेक्टना लावला. प्रोजेक्ट केवढा, तंत्रज्ञान आपल्या हातचं किती आणि काम कितपत आखीव आहे, यावरून जोखीम जोखायची आणि मग सगळ्या प्रोजेक्टची एकत्र बघायची. हा विचार आजही उपयोगी आहे, फक्त एक फरक लक्षात ठेवावा लागतो. तुम्ही आणखी एक शेअर घेतलात म्हणून आधीच्या कंपनीच्या कारखान्यात काही बिघडत नाही. आपल्याकडे मात्र त्याच ईआरपीवर पंधरावा प्रोजेक्ट आला की आधीच्या चौदांची जोखीम वाढते.

हर्शी या अमेरिकन चॉकलेट कंपनीचं 1999 मधलं प्रकरण या क्षेत्रात अजून शिकवलं जातं. एसएपी, सीबल (ग्राहकांशी संबंधित कामांचं) आणि मॅनुजिस्टिक्स (मालाच्या पुरवठ्याच्या नियोजनाचं) अशी तीन सॉफ्टवेअर एकमेकांना जोडून बसवायची होती. चार वर्षांचं काम वाय-टू-केच्या, म्हणजे 2000 साल लागताना संगणकांत तारखांचा घोळ होण्याच्या धोक्याच्या, आत संपवायचं म्हणून अडीच वर्षांत बसवलं, आणि शेवटचा मोठा टप्पा सुरू झाला जुलैमध्ये. अमेरिकेत चॉकलेट-गोळ्या वाटायच्या हॅलोविन सणाच्या ऑर्डरींचा तो हंगाम. माल तयार असूनही सुमारे 10 कोटी डॉलरच्या ऑर्डरी ग्राहकांपर्यंत पोचवता आल्या नाहीत. तिन्ही सॉफ्टवेअर जगात इतरत्र वापरात होती. मला वाटतं, हा कॅलेंडरचा प्रश्न होता, आणि सगळं कॅलेंडर एकत्र दिसतं ते पोर्टफोलिओच्या टेबलावरच.

म्हणून रुजू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत एक तक्ता तयार करा. आडव्या ओळींत प्रोजेक्ट, उभ्या रकान्यांत सामायिक सिस्टिम्स: ईआरपी, सीआरएम (ग्राहकांशी संबंध सांभाळणारं सॉफ्टवेअर), कस्टमर आणि मटेरियल मास्टर, लॉगिनची व्यवस्था, इंटिग्रेशन, डेटा वेअरहाऊस. प्रत्येक चौकोनात महिना लिहा आणि प्रोजेक्ट तिथे काय करणार तेही: नुसता डेटा वाचणार, लिहिणार, कॉन्फिगरेशन बदलणार की नवा इंटरफेस (दुसऱ्या सिस्टिमशी जोडणी) आणणार. नुसता वाचणारा प्रोजेक्ट आणि मास्टर डेटाची रचनाच बदलणारा प्रोजेक्ट यांना सारखंच टिकमार्क दिलं तर तक्ता काही सांगत नाही.

ही माहिती फक्त प्रोजेक्ट मॅनेजरांकडून घेऊ नका. त्यांना आपली गरज कळते. शेजारच्याची कळण्याचं कारण नसतं. सिस्टिम सांभाळणाऱ्यांकडे जा आणि दोन प्रश्न विचारा. पुढच्या सहा महिन्यांत आम्ही येणार असं कोण सांगून गेलंय? आणि न सांगता कोण येईल असं तुम्हाला वाटतं? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुधा जास्त उपयोगाचं असतं. त्या सिस्टिमची स्वतःची कामंही तक्त्यात घ्या: पॅच, अपग्रेड, वर्षअखेरीचा फ्रीझ (बदल बंद ठेवण्याचा काळ). एसएपीच्या ईसीसी या जुन्या ईआरपीच्या शेवटच्या आवृत्त्यांचा मुख्य मेंटेनन्स 2027 अखेर संपतो, म्हणून कंपन्यांना नव्या सिस्टिमवर स्थलांतर करावं लागतं. जिथे ईसीसी आहे तिथे त्याआधीच्या काळात मागितलेला प्रत्येक नवा बदल त्या स्थलांतराच्या कामाशी धडकणार. जुन्यात केलेलं काम नव्यात पुन्हा करावं लागेल का, हे मंजुरीआधी विचारायचं, नंतर नाही.

दुसरी गोष्ट, एका वेळी किती कामं चालू ठेवायची. जॉन लिटल यांनी 1961 मध्ये सिद्ध केलेला नियम इथे कागद-पेन्सिलीनं वापरता येतो: चालू कामांना वर्षाला पूर्ण होणाऱ्या कामांनी भागलं की एका कामाला लागणारा सरासरी वेळ मिळतो. चालू प्रोजेक्ट 24 असतील आणि वर्षाला 8 पूर्ण होत असतील, तर स्थिती अशीच राहिली की एका प्रोजेक्टला सरासरी तीन वर्षं लागतात. हातची माणसं तेवढीच ठेवून आणखी सहा सुरू केले, तर सरासरी पावणेचारवर जाते. कमिटीत 'सुरू तरी करू या' असं कुणी म्हणालं की हे गणित समोर ठेवा. मतापेक्षा त्याचा परिणाम जास्त होतो. आणि क्षमता मोजताना एकूण मनुष्यबळ मोजू नका. सर्वांत अडलेल्या सामायिक टीमला वर्षात किती बदल झेपतात तेवढाच आकडा धरा.

पैशांबद्दल माझं मत ठाम आहे. सामायिक सिस्टिमचा खर्च पहिल्या प्रोजेक्टच्या माथी मारू नये. ग्राहकांची माहिती देणारा चांगला इंटरफेस पहिल्या प्रोजेक्टनं आपल्या बजेटमधून बांधला आणि पुढच्या चौघांनी फुकट वापरला, की लवकरच कुणीच पहिलं व्हायला तयार होत नाही. जो तो घाईघाईनं स्वतःपुरती थेट जोडणी करून मोकळा होतो, आणि काही वर्षांनी त्या जोडण्या कुठून कुठे जातात हे सांगणारंही कुणी उरत नाही. प्लॅटफॉर्मला बजेटमध्ये स्वतःची ओळ हवी आणि त्याला जबाबदार असं एक माणूस हवं. हे मिळवायला वेळ लागतो. तरी दर बजेटच्या वेळी मागत राहा.

फायद्यांचे आकडेही एकत्र करून बघा. दोन बिझनेस केस (मंजुरीसाठीचे खर्च-फायद्याचे प्रस्ताव) एकाच विभागाचं तेच मनुष्यबळ वाचवल्याचा दावा करताना सापडतील. प्राधान्यक्रमाच्या स्कोअरिंग मॉडेलवर मात्र फार वेळ घालवू नका. कुठल्या निकषाला 15 टक्के आणि कुठल्याला 20, या वादात महिने जातात आणि वरचे पाच प्रोजेक्ट तेच राहतात. तो वेळ थांबवण्याजोगे प्रोजेक्ट शोधण्यात घालवा. एखादा थांबवलात तर त्याला दिलेली टेस्टिंगची तारीख आणि माणसं त्याच आठवड्यात दुसऱ्याच्या नावावर करा, नाहीतर तो कागदावर बंद आणि प्रत्यक्षात चालू राहतो.

शिकायचं काय, असं नवीन मुलं-मुली विचारतात. पीएमआयचं (प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट) पोर्टफोलिओचं प्रमाणपत्र आहे, पण त्याला बऱ्याच वर्षांचा अनुभव लागतो. त्याची घाई नको. त्यापेक्षा एक व्यवहार सुरुवातीपासून शेवटपर्यंत शिका. ग्राहकाची ऑर्डर येते तिथपासून पैसे जमा होऊन हिशेबात दिसतात तिथपर्यंत. कुठल्या टप्प्यावर कुठली सिस्टिम आहे, नोंद कोण करतं, पुढे ती कोण वाचतं, हे स्वतःच्या हातानं कागदावर काढा. कामापुरतं एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढण्याची भाषा, येऊ द्या, म्हणजे साध्या प्रश्नासाठी दुसऱ्याच्या दारात थांबावं लागणार नाही. आणि बदलांना मंजुरी देणारी चेंज अ‍ॅडव्हायझरी बोर्डची बैठक असते, तिथे नुसतं ऐकायला बसण्याची परवानगी मागा. प्रॉडक्शनमध्ये त्या आठवड्यात नेमकं काय जाणार आहे हे तिथे कळतं, आणि स्टेटस रिपोर्टमध्ये न आलेली एखादी धडक तिथेच पहिल्यांदा ऐकू येते.