युद्धाचे फोटो अभ्यासायला बसलात की आधी जमीन बघा

पहिल्या महायुद्धातल्या खंदकांवर एम.ए.चा प्रबंध लिहायला घेतला, तेव्हा पहिले दोन महिने मी फोटोंमधली माणसंच बघत होतो. चेहरे, हेल्मेटं, बंदुका. एके दिवशी मार्गदर्शक बाईंनी फोटोतल्या सैनिकांवर कागदाची पट्टी ठेवली आणि विचारलं, "आता काय उरलं?"

तो ऑस्ट्रेलियन युद्धछायाचित्रकार फ्रँक हर्लीचा फोटो होता. बेल्जियममधल्या ईप्र शहराजवळचं शातो वूड, २९ ऑक्टोबर १९१७. पाच सैनिक फळ्यांच्या वाटेवरून चाललेत. ते झाकल्यावर उरले फांद्या नसलेले बुंधे आणि त्यांच्यामधलं साचलेलं पाणी. हे जंगल होतं, हे मला तेव्हा कुठे उमगलं.

ते पाणी नुसत्या पावसाचं नव्हे. फ्लँडर्सची, म्हणजे या भागाची, माती चिकण, पाणी वरच लागतं. शेतकऱ्यांनी चर खणून पिढ्यान्‌पिढ्या तिथला निचरा सांभाळला होता. १९१७ साली ईप्रजवळ जर्मनांवर केलेल्या हल्ल्याआधी ब्रिटिशांनी चाळीस लाखांहून जास्त तोफगोळे डागले, त्यात ते चर फुटले. मग ऑगस्टचा पाऊस आला आणि गोळ्यांचे खड्डे भरले. फळीवरून घसरलेली जखमी माणसं त्या चिखलात बुडून मेली. म्हणून फोटोत पाणी दिसलं की ते का साचलं, हे आधी शोधा.

विमानातून काढलेले फोटो सुरुवातीला फार फसवतात. सावल्या आपल्याकडे पडतील असा फोटो फिरवून घ्या, नाहीतर खड्डे उंचवट्यांसारखे दिसतात. याच लढाईत सापडलेल्या पाशनडेल गावाचे लढाईआधीचे आणि नंतरचे फोटो शेजारी ठेवून पाहा. पहिल्यात घरं, रस्ते, शेतांचे बांध. दुसऱ्यात खड्ड्याला लागून खड्डा. चर्च कुठे होतं ते शोधायला मला बराच वेळ लागला, आणि त्या वेळात जे कळलं ते आकडेवारीतून कळलं नव्हतं.

दुसरा प्रश्न: फोटोग्राफर कुठे उभा होता? खंदकाच्या वर, भर उजेडात, निवांत उभं राहून काढलेला 'हल्ल्याचा' फोटो बहुधा आघाडीच्या मागे, सरावात काढलेला असतो. एच. डी. गर्डवुडने १९१५ साली फ्रान्समध्ये भारतीय सैनिकांचे जे फोटो काढले, त्यांतले कित्येक असे मुद्दाम घडवून आणलेले आहेत. हर्लीनेही काही चित्रं अनेक निगेटिव्ह जोडून बनवली. ऑस्ट्रेलियाचा अधिकृत युद्धवार्ताहर चार्ल्स बीन याच्याशी त्याचा त्यावरून मोठा वाद झाला. तरी असे फोटो फेकून देऊ नका. गणवेश, हत्यारं, लोकांना काय दाखवायचं होतं, हे त्यांतून कळतं. विध्वंसाचा पुरावा म्हणून मात्र ते वापरू नका.

तारीखही ताडून बघा. भारतीय पायदळ १९१५च्या अखेरीस फ्रान्समधून हललं, बहुतेक मेसोपोटेमियाकडे. त्यानंतरच्या वर्षाच्या फोटोखाली तेच पायदळ लिहिलेलं दिसलं, तर शंका घ्या.

फ्रान्समधल्या नव्ह शापेल गावाच्या अवशेषांच्या फोटोंपाशी मी अजून थांबतो. २८ ऑक्टोबर १९१४ रोजी खडकीच्या बॉम्बे सॅपर्स या लष्करी अभियंत्यांच्या दलातल्या २० आणि २१ क्रमांकाच्या कंपन्या ४७व्या शीख पलटणीबरोबर या गावात शिरल्या आणि घराघरांतून लढल्या. त्यांची हानी भयंकर झाली. विटांच्या त्या ढिगाऱ्यात मी आधी गल्ली शोधतो, मग दोन्ही बाजूंच्या भिंती कुठे असतील ते.