नववीच्या वर्गात बाई-पुरुष भेद शिकवताना

बी.एड. करून नुकतेच शाळेत रुजू झाला असाल, तर एक सांगते: समानतेवर भाषण देऊ नका. ते मुलांना पाठ असतं. निबंधात आपल्याला हवं तेच लिहून देतात आणि घरी ताट तिथेच ठेवून उठतात.

मी तक्त्याने सुरुवात करते. घरातल्या प्रत्येकाने उठल्यापासून झोपेपर्यंत काय केलं, ते तासातासाने लिहून आणायचं. ‘आई घरीच असते’ म्हणणाऱ्या एका मुलाच्या तक्त्यात पाणी, डबे, धुणं, आजीचं औषध, शेळीचा चारा, पुन्हा पाणी असं होत होत आईचा रकाना भरला. त्याने खाली दुसरा कागद चिकटवला. अशा तक्त्यांनंतरच मी फळ्यावर देशाचे आकडे लिहिते. २०२४च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, स्वतःच्या घरचं बिनपगारी काम करणाऱ्यांपैकी बायकांची दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात जातात, पुरुषांची ८८. आकडे आधी दिले तर मुलं नुसते उतरवून घेतात.

काही मुलगे चिडतात. त्यांना आरोपी करू नका. ‘हे कुणी ठरवलं?’ एवढंच विचारा. मग ‘रडायचं नाही’, ‘कमवायलाच हवं’ ही त्यांच्यावरची ओझीही बाहेर येतात.

पुढे ताराबाई शिंदे. बुलढाण्याच्या या बाईंनी १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ या पुस्तकात पुरुषांना थेट जाब विचारला. मुलींना तो राग फार आवडतो. पण तिथेच थांबू नका. फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ताबाईने १८५५ साली ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकातल्या निबंधात मांग-महार बायकांच्या बाळंतपणाचे हाल मांडले, डोक्यावर छप्परही नसताना. सगळ्या बायकांचं दुःख एकसारखं नाही, जात मध्ये येते, हे यावरून वर्गाला चटकन कळतं. माझ्या मते हा तास वगळला तर बाकीचं शिकवणं अर्धवट राहतं.

आणि आपला वर्ग? हजेरीत मुलगे आधी, झाडू मुलींच्या हाती, बाक उचलायला मुलगे, पाहुण्यांना ओवाळायला मुली. हे बदलायला कुणाची परवानगी लागत नाही. पाळ्या लावा.

‘तुझ्यासोबत काय झालं ते सांग’ म्हणून कुठल्याही मुलीला वर्गात उभं करू नका. कुणी आपणहून एकटीने येऊन सांगितलं तर शांतपणे ऐका. मात्र ‘कुणाला सांगणार नाही’ असा शब्द देऊ नका. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली की पोलिसांना कळवणं २०१२च्या पॉक्सो कायद्याने आपल्यावर बंधनकारक आहे. मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइनही आहे. पुढे काय होणार, हे त्या मुलीला आधी नीट समजावून सांगा.