पेनाचे सुटे भाग ठेवायचे कसे : खरादीवर नव्याने बसणाऱ्यांसाठी

आरमोरी तालुक्यातल्या आमच्या गावात बाबांची वाढईकामाची शेड आहे. दारं, चौकटी, देवघरं, लग्नाचे पाट अशी कामं तिथे चालतात. आयटीआयला टर्नर ट्रेडची दोन वर्षं करून मी घरी आले, लाकूड खरादायचा एक लहान खराद (लेथ) बसवला आणि बाबांच्या उरलेल्या सागवानाच्या तुकड्यांतून पेन करायला लागले. आता आजूबाजूच्या गावांतली मुलंमुली विचारायला येतात. ताई, पटाशी कोणती घेऊ, मोटर केवढी घेऊ? सुटे भाग कुठे ठेवू, हे अजून एकानेही विचारलं नाही. माझं पहिल्या वर्षाचं सगळ्यात मोठं नुकसान मात्र तिथेच झालं, म्हणून ते आधी सांगते.

शिकताना बहुतेक जण स्लिमलाइन किटपासूनच सुरुवात करतात. त्यात सुमारे दोन-दोन इंचांच्या दोन पितळी नळ्या, पुढचं टोक, फिरवल्यावर रिफील आत-बाहेर करणारा ट्विस्ट, मधली रिंग, क्लिप, वरची टोपी आणि रिफील एवढं येतं. लाकडाच्या ठोकळ्याचे दोन तुकडे करायचे, 7 मिमीचं भोक पाडायचं, नळ्या चिकटवायच्या, मग खरादायचं. रिफील सोडून बाकीचे भाग शेवटी नुसते दाबून बसतात. त्यांना आटेही नसतात आणि सहसा गोंदही लागत नाही. म्हणजे सगळी मदार मापावर. दिसायला अगदी सारखे असलेले दोन भाग मापाने सारखे असतीलच असं नाही.

हे मला ठाऊक नव्हतं. पहिली मोठी ऑर्डर आली ती एका शाळेकडून, शिक्षक दिनासाठी 24 पेनांची. किटं दोन दुकानदारांकडून मागवली होती, थोडी सोनेरी, थोडी चंदेरी. पाकिटं आली त्या संध्याकाळी मी सगळी फोडली आणि आईचा जुना मिसळणाचा डबा मागून घेतला. सात वाट्या. एकीत क्लिपा, एकीत रिंगा, एकीत टोकं, असं सगळं लावलं. डबा इतका देखणा दिसत होता की मी त्याचा फोटोही काढला.

पेन जोडायला बसले तेव्हा त्याची किंमत कळली. एका दुकानदाराचे ट्विस्ट दुसऱ्याच्या नळीत ढिले बसत होते, आणि उलट केलं की इतके घट्ट जात होते की दाबतानाच दोन पेनांचं लाकूड उभं चिरलं. पॉलिश होऊन तयार झालेली पेनं होती ती. शिवाय कुठेतरी एक रिंग कमी पडली. किटं ऑनलाइन मागवावी लागतात, कुरिअर तालुक्याला येतं आणि तिथून आपण जाऊन आणायचं. एका रिंगेसाठी आठ दिवस गेले. मी शेडमध्ये गुडघ्यांवर बसून भुसा चाळत होते, तेव्हा बाबा म्हणाले, "तुह्या कामापरिस तुह्या शोधन्यालेच जास्त वेळ लागते वं पोरी."

त्या दिवसापासून माझी पद्धत बदलली. क्लिपांची वाटी, रिंगांची वाटी हा हिशेब हार्डवेअरच्या दुकानाला शोभतो, कारण तिथे सुटी क्लिपच विकायची असते. आपल्याला पेन करायचं असतं. म्हणून एका पेनाचं सगळं एका जागी, पाकीट फोडल्यापासून पेन जोडून होईपर्यंत. पाकीटही आधीपासून फोडायचं नाही. ज्या दिवशी नळ्या लागतील त्या दिवशी एका बाजूने कापायचं, नळ्या काढायच्या आणि तोंड दुमडून ठेवायचं.

यासाठी मला सापडलेली सगळ्यात चांगली वस्तू म्हणजे अंड्यांचा कागदी ट्रे. तीस खळगे असतात, दुकानदार फुकट देतो. प्रत्येक खळग्याच्या काठावर स्केचपेनने आकडा टाकायचा. खळग्यात त्या पेनाचं दुमडलेलं पाकीट आणि त्याचे लाकडाचे दोन तुकडे उभे. पितळी नळी सपाट टेबलावर ठेवली की घरंगळत जाते, खळग्यात ती कुठे जाणार? सुरुवातीला मी आकडा लाकडावर लिहायचे. पण टोकं तासून सपाट केली आणि बाहेरून खरादलं की तो आकडा भुशात जातो. म्हणून आकडा खळग्याचाच. तुकडे मँड्रेलवर, म्हणजे खरादीत तुकडे धरून फिरवणाऱ्या बारीक दांडीवर, चढवले की त्याच आकड्याची चिठ्ठी खरादीच्या डोक्यावर चिकटवते, आणि उतरवले की ते आपल्या खळग्यात परत जातात. एका वेळी एकाच खळग्याचं काम करायचं.

लाकडाची रेष वरच्या भागातून खालच्या भागात अखंड दिसली की पेन एकाच तुकड्यातून निघाल्यासारखं वाटतं. त्यासाठी ठोकळा कापण्याआधी पेन्सिलने एक लांब रेघ मारायची, नळ्या चिकटवल्यावर जोडाकडच्या तोंडाशी नळीच्या आतल्या अंगाला मार्करचा ठिपका द्यायचा. बाहेरची रेघ खरादीत जाते, आतला ठिपका राहतो. जोडताना ठिपक्यासमोर ठिपका आणायचा.

नळ्या चिकटवताना गोंद आत गेला तर ट्विस्ट बसत नाही. मी बटाट्याची पातळ चकती कापते आणि नळीचं तोंड त्यात दाबते, आपोआप बूच बसतं. गोंद वाळला की काडीने ढकलायचं. लगेच ढकला, विसरलात तर पितळ आतून काळं पडतं. पावसाळ्यात उघड्या ठेवलेल्या नळ्याही काळवंडतात, पण चिकटवण्याआधी त्यांच्यावर पॉलिश पेपर फिरवायचाच असतो, म्हणजे गोंद धरतो. त्यामुळे त्याची फार चिंता नको.

चिंता करायची ती बुशांची, म्हणजे मँड्रेलवर तुकड्यांच्या टोकांशी बसणाऱ्या आणि लाकूड किती बारीक करायचं ते दाखवणाऱ्या कड्यांची. पोलादी असतात, आपल्याकडच्या ओल्या श्रावणात दोन दिवसांत गंजतात. प्रत्येक प्रकारच्या किटाचे बुश वेगळे असतात. स्लिमलाइनला 7 मिमीचं ड्रिल लागतं, सिगार किटाला 10 मिमीचंही लागतं, सिएराला 27/64 इंचाचं, म्हणजे जवळजवळ 10.7 मिमी. हे आकडे डोक्यात ठेवू नका. मी तंबाखूच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्या धुऊन घेतल्या. एका किटाचे बुश आणि त्याचाच ड्रिल बिट एका डबीत, तेलाचं बोट फिरवलेलं, झाकणावर किटाचं नाव आणि बिटाचं माप. बुश कायमचे टिकतात असंही समजू नका. पॉलिश पेपर लाकडासोबत त्यांच्यावरही घासला जातो आणि ते हळूहळू बारीक होतात. मग पेन आणि टोक यांच्यामध्ये बोटाला लागणारी पायरी राहते. दर महिन्याला व्हर्निअर (बारीक माप घ्यायचं साधन) लावा. नवा बुश आणला त्या दिवशीचं माप झाकणाच्या आतून लिहिलेलं असेल तर घट लगेच कळते.

मँड्रेल आडवा टाकून त्यावर काही ठेवू नका. दांडी बारीक असते, थोडी वाकली की सगळी पेनं एका बाजूला जाड निघतात आणि दोष कुठे आहे हे कळायला आठवडा जातो. शेतातल्या पाइपचा हातभर तुकडा भिंतीला उभा ठोका आणि मँड्रेल त्यात सोडा.

आता उन्हाळा. मे महिन्यात आमच्याकडे पारा 45 च्या वर जातो आणि पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून जास्त तापतं. सुपर ग्लूच्या बाटल्या तिथे ठेवल्या तर लवकरच शिऱ्यासारख्या घट्ट होतात. न फोडलेल्या बाटल्या मी झाकणाच्या काचेच्या बरणीत, बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या टाकून, फ्रिजमध्ये ठेवते. बरणीवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं आहे, कारण घरात लहान मुलं आहेत. बाहेर काढली की तासभर तशीच राहू द्यायची. थंड बाटली लगेच उघडली तर आत दव धरतं आणि हा गोंद ओलाव्यानेच घट्ट होतो. गोंद पटकन वाळवणारा स्प्रे त्याच बरणीत कधीही ठेवू नका, त्याच्या वाफेने बंद बाटलीसुद्धा खराब होऊ शकते.

लाकडाचे ठोकळे मी पाऊण इंच जाड आणि पाच इंच लांब कापते. सागवान आहेच, शिवाय शिसव, बिजा, टेंभरणीचा काळा गाभा आणि वरुडकडच्या एका नातेवाइकांनी बागेतलं जुनं झाड काढलं तेव्हाचं संत्र्याचं लाकूड. दोन्ही टोकांना मेण लावायचं, नाहीतर उन्हाळ्यात टोकांपासून तडा जातो. एका बाजूला लाकडाचं नाव आणि कापल्याचा महिना. पावसाळ्यात कापलेलं लाकूड मी पुढचा मे पाहिल्याशिवाय वापरत नाही. ठोकळे जमिनीपासून हातभर वर, फळीवर, नाहीतर उधई सोडत नाही. सागवान डेपोतून घेतलं असेल तर त्याची पावतीही तिथेच पत्र्याच्या पेटीत ठेवा, कोणी विचारलं तर शोधाशोध नको.

एवढं करूनही वस्तू पडतेच, आणि बहुतेक वेळा लाइन जाते तेव्हाच. खरादीखाली आईचं फिकट रंगाचं जुनं लुगडं अंथरा. सारवलेल्या जमिनीवर पितळी रिंग दिसत नाही, लुगड्यावर दिसते. टॉर्च वरून मारू नका, जमिनीवर आडवा ठेवा. बारीक रिंगेचीही लांब सावली पडते. स्पीकरमधलं लोहचुंबक दोरीला बांधून भुशावरून फिरवलं तर पोलादी स्प्रिंग आणि बहुतेक क्लिपा चिकटून येतात. पितळ येत नाही, ते चाळणीनेच शोधावं लागतं.

आईचा मिसळणाचा डबा अजून माझ्याकडे आहे. बिघडलेल्या पेनांतून काढलेले भाग त्यात असतात. ते नव्या पेनात मी वापरत नाही, दुरुस्तीला वापरते. आणि एक वही आहे. खळग्याचा आकडा, तारीख, लाकूड, किट कोणत्या दुकानदाराचं, पेन कोणाला गेलं, एवढंच त्यात. गेल्या दिवाळीनंतर एक गुरुजी आले, शिक्षक दिनाच्या त्या 24 पेनांपैकी त्यांचं पेन, ट्विस्ट फिरायचा थांबलेला. तेव्हाची वही नव्हतीच. दोन्ही दुकानदारांचे ट्विस्ट समोर ठेवून, व्हर्निअरने एकेक मोजत मला अख्खी दुपार लागली, आणि बसला तो पाचवा.