सोलापुरात नवी खोली लावताना

मी बडोद्याची, शिकायला सोलापुरात आले. खोली बघायला गेलात की भाडं नंतर विचारा. आधी घरमालकांना विचारा, पाणी किती दिवसांआड येतं आणि किती वाजता. उजनी धरणाचं पाणी इथे रोज येत नाही; माझ्याकडे चार दिवसांआड येतं, तेही कधी पहाटे. म्हणून गादीच्याही आधी झाकणाचं मोठं पिंप घ्या, दोन बादल्या आणि पिण्यासाठी कळशी. झाकण घट्टच हवं, कारण डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. आठवड्यातून एकदा पिंप रिकामं करून आतून घासा, कोरडं होऊ द्या. पहिल्या महिन्यात मी हे टाळलं आणि पाण्यात अळ्या वळवळताना पाहिल्या.

वरचा मजला स्वस्त मिळतो, पण मे महिन्यात पारा ४० च्या वर जातो आणि स्लॅब रात्रीही निवत नाही. मधलाच घ्या.

स्वयंपाक जमेपर्यंत कडक भाकरी आणि शेंगाचटणी आणून ठेवा. भाकरी कित्येक दिवस टिकते. दह्यात कुस्करून भिजवली की पोटभर जेवण. पांघरायला अर्थात इथलीच चादर.

शेजाऱ्यांशी पहिल्याच दिवशी बोला. समोरच्या अक्का घरात तेलुगू बोलतात, माझ्याशी मराठी. पाणी आलं की त्याच माझं दार वाजवतात.